शिंगांचे झुंबर



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, राज्यघटना ऐकता, शेतीचे आणि आरोग्याचे प्रश्न ऐकता. अशा ठिकाणी आम्ही आज दिवाणखान्यात टांगायच्या एका दिव्यावर बोलणार आहोत. चालकांनी विषय विचारला, तेव्हा त्यांनाही थोडे नवल वाटले. "अहो, तुम्ही मजूर संघटनेचे कार्यकर्ते. कामगारांचे प्रश्न सोडून झुंबर कुठले काढलेत?" असे त्यांनी हसत हसत विचारले. आम्ही म्हणालो, झुंबर हा कामगारांचाच प्रश्न आहे. घरमालक ते खालून पाहतो, पण कोणाला तरी शिडीवर चढून ते टांगावे लागते.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. सोळाव्या वर्षी आम्ही एका वायरमनच्या हाताखाली शिडी धरायला लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे आम्ही सांगतो ती पंडिताची वाणी नव्हे. एक प्रश्न पुढे आला, उत्तर येईना, म्हणून वाचत गेलो, एवढेच.

तो प्रश्न असा. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक तरुण सभासद संध्याकाळी कचेरीत आला. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाचे एक सूचीपुस्तक होते. तो म्हणाला, "भाऊ, घाटाखाली एका गृहस्थांच्या शेतघराचं काम घेतलंय. घर सगळं दगड-लाकडाचं. त्यांना मधल्या खोलीत असलं झुंबर हवंय. कोणतं घेऊ म्हणून मलाच विचारतात. मी काय सांगू?"

आम्ही पुस्तक उघडले. हरणांची फाटे फुटलेली शिंगे एकमेकांत गुंफलेली, टोकाटोकावर दिवे, आणि खाली लाकडी मेज. त्यात दोन झुंबरांवर खुणा केल्या होत्या. एक अमेरिकेतील एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या खऱ्या शिंगांचे. दुसरे तशाच आकाराचे, पण रेझीनचे, म्हणजे साच्यात ओतून केलेले. तिसरा पर्याय पुस्तकात नव्हता. "त्यांच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची सांबरशिंगं आहेत. त्यांनाच भोकं पाडून दिवे बसवता येतील का, असंही विचारलंय," सभासद म्हणाला.

आम्ही म्हणालो, "अरे बाबा, आठ दिवस दे." आज आपल्यापुढे बोलणार आहोत ते त्या आठ दिवसांचे आणि त्यानंतर लागलेल्या नादाचे फळ आहे.

प्रथम शिंग म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेत बैलाचेही शिंग आणि सांबराचेही शिंगच. पण निसर्गात या दोन वस्तू अगदी निराळ्या आहेत. बैल, म्हैस, बोकड, काळवीट यांचे शिंग आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाचे कवच असे असते. ते जन्मभर राहते. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, ती दर वर्षी तीच असतात. मोडली तर पुन्हा येत नाहीत.

सांबर, चितळ, बारशिंगा यांचे तसे नाही. त्यांचे शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दर वर्षी बुडापासून गळून पडते आणि पुन्हा नवे उगवते. उगवताना त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते आणि तिच्यातून रक्त खेळत असते. वाढ पूर्ण झाली की ही कातडी सुकते आणि नर झाडाझुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. एल्कचे शिंग भर हंगामात दिवसाला इंचाच्या आसपासही वाढू शकते. एवढे हाड इतक्या लवकर उभे करायला लागणारा चुना केवळ चाऱ्यातून पुरत नाही. प्राणी तो स्वतःच्या बरगड्यांतून काढून वर पाठवतो, आणि मग ती झीज सावकाश भरून काढतो. ही शिंगे नरालाच येतात. अपवाद उत्तरेकडच्या रेनडिअरचा. त्याच्या मादीलाही शिंगे असतात. गळून पडलेले शिंग रानात वायाही जात नाही. उंदीर, खारी, साळिंदरे ते कुरतडून त्यातला चुना खातात.

आमच्या आजीच्या सहाणेजवळ सांबरशिंगाचा एक तुकडा असे. छातीत दुखू लागले की तो उगाळून लेप लावायचा. त्यासाठी सांबर मारावे लागले असेल, असे आम्हाला लहानपणी वाटे. पुढे कळले की शिंग दोन वाटांनी माणसाच्या हाती येते. एक वाट अशी की प्राण्याने टाकले आणि माणसाने उचलले. दुसरी अशी की माणसाने प्राणी मारला आणि शिंग कापून घेतले. आमचे आजचे सारे म्हणणे या दोन वाटांभोवती आहे, म्हणून ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

आता या दिव्याचे माहेर पाहू. जर्मन भाषेच्या मुलखात मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून शिंगांचे दिवे टांगण्याची रीत आहे. शिंगाच्या जोडीपुढे लाकडात कोरलेली स्त्रीची अर्धमूर्ती बसवीत आणि शिंगांवर मेणबत्त्या लावीत. या प्रकाराला तिकडे लुस्टरवाइबशेन म्हणतात. त्याचा अर्थ साधारणपणे दिव्यावरची बाई असा होईल. न्युरेंबर्ग शहरातला असाच एक दिवा फार प्रसिद्ध आहे. त्यात बाईऐवजी अजगरासारखा पंखांचा राक्षसी प्राणी आहे. आल्ब्रेख्ट ड्यूरर या थोर चित्रकाराने त्याचा आराखडा काढला, फाइट श्टोस या मूर्तिकाराने तो १५२२ साली लाकडात कोरला आणि त्याला रेनडिअरची शिंगे जोडली. शहराच्या नगरभवनासाठी केलेला हा दिवा आज तिथल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कलेच्या पुस्तकांत ड्यूररचे नाव आधी येते, ते योग्यच आहे. पण आमचे लक्ष श्टोसवर खिळले. हा कारागीर मोठा हुन्नरी होता. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरी त्याने कोरलेली भव्य वेदी आजही उभी आहे. न्युरेंबर्गला परतल्यावर त्याचा पैसा व्यापारात बुडाला. तो परत मिळवण्यासाठी त्याने एका व्यापाऱ्याची सही आणि मोहोर बनावट केली. गुन्हा उघडकीला आला, आणि १५०३ साली तापल्या लोखंडाने त्याचे दोन्ही गाल डागण्यात आले. परवानगीवाचून शहर सोडण्याचीही त्याला बंदी झाली. पुढे सम्राट माक्सिमिलियनने त्याला माफी दिली, परंतु गालावरचे डाग माफीने कसे जातील? तो अजगर कोरताना श्टोसने सत्तरी ओलांडलेली होती.

बनावट कागद करणे हा गुन्हाच, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण इतकी वर्षे कामगारांत वावरून एक गोष्ट आमच्या अंगवळणी पडली आहे. कोणतीही देखणी वस्तू दिसली की ती कोणी केली आणि त्याचे पुढे काय झाले, असा प्रश्न आधी मनात येतो. त्या अजगराखालून जाणाऱ्या किती नगरशेठांना हा प्रश्न पडला असेल?

युरोपातल्या राजेरजवाड्यांनी मग ही वस्तू शिकारीच्या दिमाखाकडे नेली. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ मोरित्सबुर्ग नावाचा राजवाडा आहे. त्याच्या दालनांच्या भिंती शिंगांनी भरलेल्या आहेत. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न येथील वाड्यात तर एक खोलीच शिंगांच्या खुर्च्या-मेजांची आहे. इथे शिंग हे बहुतेक मारल्याची पावती म्हणून आले. ज्याच्या भिंतीवर शिंगे जास्त, तो मोठा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही हौस अमेरिकेत नव्या रूपात उगवली. न्यूयॉर्क राज्यात अॅडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. शहरातल्या धनिकांना तिथे रानातले साधे घर हवेसे वाटू लागले. विल्यम वेस्ट ड्युरंट या गृहस्थाने त्यांची ही आवड ओळखली. साल न काढलेले ओंडके, ओबडधोबड दगडांची शेगडी, डहाळ्यांचे कठडे आणि शिंगांची सजावट अशी घरे त्याने उभारली. १८९७ साली बांधलेले सॅगमोर हे त्यांतलेच एक. चार वर्षांनी ते व्हँडरबिल्ट या कोट्यधीश घराण्यातल्या एकाने विकत घेतले. आपण ज्याला हौसेने ग्रामीण धाटणीचे घर म्हणतो, त्याचे एक मोठे मूळ इथे आहे.

यातली गंमत पाहा. ज्या लाकूडतोड्याच्या खोपटाची ही नक्कल, त्याच्याकडे झुंबर नव्हते. त्याच्याकडे फार तर एक तेलाचा दिवा असे. साधेपणाची नक्कल करायला श्रीमंतांना फार खर्च आला, आणि त्या नकलेचे ओंडके ओढले ते स्थानिक सुतारांनी आणि रानमाणसांनी. पण आम्ही हे केवळ टोमणा म्हणून सांगत नाही. त्या सुतारांच्या हातांत खरोखर कसब होते, आणि वाकडी फांदी सरळ न करता ती जिथे शोभेल तिथे बसवायची ही त्यांची दृष्टी मोठी गुणाची होती. शिंगांचे चांगले झुंबर करणाराही हेच करतो. दोन शिंगे कधी सारखी नसतात. कोणत्या शिंगाचा बाक कोणत्या शिंगात अडकेल, तोल कुठे येईल, हे तो जुळवून पाहतो. त्याला नकाशापेक्षा डोळ्यावर अधिक विसंबावे लागते.

आता पश्चिमेकडे वायोमिंग राज्यात येऊ. तिथे जॅक्सन नावाचे लहान गाव आहे. भोवतालच्या डोंगरांतून हिवाळ्यात हजारो एल्क तळाच्या मैदानात उतरतात. वस्ती आणि कुरणे वाढली तशी त्यांची हिवाळ्यातली चरण्याची जागा गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते उपासमारीने मोठ्या संख्येने मेले. तेव्हा १९१२ साली गावाला लागूनच त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र करण्यात आले. नर एल्क हिवाळा सरता सरता आपली शिंगे तिथे टाकतात. ती वाटेल त्याने उचलायची नाहीत. बालवीरांची पथके परवानगीने ती गोळा करतात आणि १९६८ पासून दर वर्षी गावच्या चौकात त्यांचा जाहीर लिलाव होतो. उत्पन्नाचा मोठा भाग त्याच राखीव क्षेत्राच्या कामी लागतो. म्हणजे एल्कने टाकलेले एल्कच्याच पोटापाण्यासाठी परत जाते. त्या चौकाच्या चार कोपऱ्यांवर शिंगांच्या चार कमानी आहेत. पहिली १९५३ साली उभारली. एकेका कमानीत सुमारे दोन हजार शिंगे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक याच कुरणात गळून पडलेली.

राखीव क्षेत्राबाहेरही नियम आहेत. राज्याच्या पश्चिम भागातल्या सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात पडलेली शिंगे गोळा करायला मनाई आहे. का? तर हिवाळ्याने खंगलेला प्राणी माणसांची चाहूल लागून पळू लागला, तर उरलीसुरली शक्ती खर्च होऊन मरतो. टाकलेली वस्तूही उचलण्याची एक वेळ असते आणि दुसऱ्याच्या जिवावर ती उचलायची नसते, हा विचार आम्हाला फार मोलाचा वाटला.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर आता निवडीकडे वळू.

पहिली गोष्ट, शिंगाचे बूड पाहा. दुकानदार टोके दाखवील, फाट्यांची संख्या सांगेल. आपण मात्र बुडाशी बोट फिरवावे. आपोआप गळलेल्या शिंगाच्या बुडाशी खडबडीत कडे पूर्ण असते आणि तळ बहुधा थोडा फुगीर, खरबरीत असतो. करवतीचा सपाट काप असेल किंवा कवटीच्या हाडाचा तुकडा चिकटलेला असेल, तर ते शिंग मेलेल्या किंवा मारलेल्या प्राण्याचे समजावे. मात्र कधीकधी कारागीर जोडणीसाठी गळलेल्या शिंगाचेही बूड कापतो. म्हणून शिंगे कुठून आणली हे लेखी मागावे. प्रामाणिक विक्रेता ते द्यायला कचरत नाही.

दुसरी गोष्ट, खरे की ओतीव ते ओळखा. ओतीव झुंबरात तेच ते शिंग पुन्हा पुन्हा भेटते, कारण साचे मोजकेच असतात. बारकाईने पाहिले तर साच्याच्या सांध्याची रेघ दिसते. खऱ्या शिंगाच्या कापात बाहेर घट्ट आणि आत सच्छिद्र हाड दिसते. ओतीव असणे हा काही दोष नव्हे. ते वजनाला हलके, आणि प्राण्याचा प्रश्नच येत नाही. दोष आहे तो ओतीवाला खरे म्हणून विकण्यात आणि पाहुण्यांना तसे सांगण्यात. रेझीन घ्यावे आणि रेझीन म्हणून सांगावे.

तिसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिंगा-कातड्यांचा व्यवहार बांधून टाकला आहे. रानात पडलेले सांबरशिंग सापडले म्हणून घरी आणता येत नाही. जुन्या शिकारीची वस्तू वारशाने आली असली, तरी तिच्या मालकीचे सरकारी प्रमाणपत्र असावे लागते. तेव्हा माळ्यावरच्या सांबरशिंगांना भोके पाडण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीची पायरी चढलेली बरी. त्या कामाला हात लावणारा वायरमनही अडचणीत येऊ शकतो, हे मालकाच्या ध्यानात नसते. परदेशातून खरी शिंगे मागवायची तर कागदपत्रांची चौकशी आधी करावी, पैसे मागून द्यावे.

चौथी गोष्ट आकारमान. ती थोडक्यात सांगतो. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करावी. जो आकडा येईल साधारण तितक्या इंचांचा व्यास शोभतो. दहा फूट आणि चौदा फूट खोली असेल तर चोवीस इंच. मेजावर टांगायचे असेल तर मेजाच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडे मोठे असावे आणि मेजाच्या पृष्ठभागापासून तीस ते छत्तीस इंच वर राहावे. चालत्या जागेत खाली किमान सात फूट मोकळे हवेत. शिंगांना टोके असतात, उंच माणसाचे डोके आणि खांद्यावर बसलेले मूल यांचा विचार करावा. आपल्या ठेंगण्या छताच्या घरांत पुष्कळदा या एकाच हिशोबाने झुंबराचा बेत रद्द होतो. तो खुशाल होऊ द्यावा.

पाचवी गोष्ट वजन. इथे आम्हाला थोडे थांबले पाहिजे.

एल्कचे एकेक शिंग काही किलो भरते. दहा-बारा शिंगे, आतला लोखंडी सांगाडा, साखळी, दिवे असे सारे धरले की झुंबर सहज चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते. अमेरिकेच्या वीजजोडणीच्या नियमांत असे आहे की दिव्याची साधी छतपेटी पन्नास पौंडांपर्यंतच, म्हणजे सुमारे तेवीस किलोंपर्यंतच भार घेईल. त्याहून जड दिव्याला त्या भारासाठीच केलेली पेटी किंवा स्वतंत्र आधार पाहिजे. आपल्याकडे काय होते? पी.ओ.पी.चे सुंदर छत होते, त्यात गिट्टी ठोकतात, स्क्रू आवळतात, आणि देव तारील म्हणतात.

१९९१ साली आम्ही एकवीस वर्षांचे होतो. एका जिल्ह्याच्या गावी नव्या हॉटेलाचे काम चालू होते. दर्शनी दालनात काचेचे मोठे झुंबर लावायचे होते. उद्‌घाटनाची तारीख छापून झाली होती. आमच्याबरोबरच्या वायरमनने कंत्राटदाराला सांगितले की हूक छताच्या लाकडी पट्टीत आहे, स्लॅबमध्ये नाही; परांची बांधून स्लॅबला भोक पाडू द्या. कंत्राटदार म्हणाला, "एक दिवस कुठून आणू? लाव." तो शिडीवर चढला, खालून शिडी आम्ही धरली होती. झुंबर हुकाला अडकवले, त्याने हात सोडले, आणि पट्टीच उखडून आली. तो शिडीवरून फेकला गेला. गळ्याचे हाड मोडले, उजवा मनगटाचा सांधा कायमचा गेला. आमच्या पाठीवर काचा बसल्या, त्यांचे काही नाही.

इस्पितळातून आम्ही कंत्राटदाराकडे गेलो. त्याने हजेरीपट पुढे केला. त्यात आमच्या मित्राचे नाव नव्हते. उलट झुंबराची किंमत आमच्याकडून कशी वसूल करायची, याचा विचार चालू होता. त्या झुंबराची किंमत कागदावर होती, माणसाची नव्हती. भरपाईसाठी आम्ही किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. थोडीफार मिळाली, तीही संघटनेची माणसे पाठीशी उभी राहिली म्हणून. त्या दिवसापासून आम्ही संघटनेत आहोत. दिव्याखाली अंधार असे आपण म्हणतो. तो अंधार आम्ही शिडी धरून पाहिला आहे.

म्हणून आमचे सांगणे हात जोडून आहे. झुंबराची किंमत विचारताना आधी त्याचे वजन विचारा. हूक स्लॅबच्या सळईला किंवा भरभक्कम तुळईलाच असू द्या. लाकडी घरात तुळई जुनी असेल तर सुताराला दाखवा. कामाला एकाऐवजी दोन माणसे, आणि शिडीऐवजी परांची. तिचे भाडे झुंबराच्या किमतीत धरा. घाईचा दिवस ठरवू नका. ज्याला टांगायचे आहे तो "नको" म्हणाला, तर त्याचे ऐका.

सहावी गोष्ट उजेडाची आणि विजेची. पूर्वी अशा झुंबरात बारा दिवे चाळीस-चाळीस वॅटचे लावले की चारशे ऐंशी वॅट जळत आणि शिंगे तापत. आता चार-पाच वॅटच्या एल.ई.डी. दिव्यांनी तेच काम साठ वॅटच्या आत होते. रंग उबदार पिवळसर घ्यावा, पुड्यावर २७०० केल्विन लिहिलेले असते. पांढऱ्या उजेडात शिंगे वाळल्या हाडांसारखी दिसतात. तार जिथून शिंगात शिरते तिथे तिला रबरी नळीचे वेष्टन हवे, नाहीतर काठावर घासून ती उघडी पडते. सांगाडा लोखंडी असतो, त्याला अर्थिंग केलेच पाहिजे. आणखी एक ध्यानात ठेवावे. अशा झुंबराखाली बैठक छान दिसते, छतावर फांद्यांच्या सावल्या पडतात, पण वाचता येत नाही. मुलांच्या अभ्यासाला आणि स्वयंपाकाच्या ओट्याला निराळा दिवा लागेल. त्याचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरले तर झुंबर घ्यावे. निगा फारशी नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी. खरे शिंग उन्हात आणि फार कोरड्या हवेत तडकते, तेवढे जपावे.

आता त्या शेतघराचे काय झाले, ते सांगून संपवतो.

आठ दिवसांनी ते गृहस्थ स्वतःच आमच्या कचेरीत आले. आमच्या मोडक्या बाकावर बसून त्यांनी सारे ऐकून घेतले. सांबरशिंगांचे कागद त्यांच्याकडे नव्हते. ती वनखात्याला दाखवून काय ते करीन म्हणाले, आणि पुढे गेलेही. खऱ्या एल्कच्या झुंबराचे वजन ऐकून त्यांनी ते आपणहून सोडले. मग जरा हिरमुसून विचारले, "म्हणजे नकलीच घ्यायचं का?" आम्ही म्हणालो, "नकली म्हणू नका. साच्याचं म्हणा. आणि कोणी विचारलं तर तसंच सांगा." त्यांनी चौदा किलोंचे रेझीनचे झुंबर घेतले.

आमच्या सभासदाने स्लॅबमध्ये हूक बसवला आणि त्याला झुंबर न टांगता आधी सिमेंटचे पन्नास किलोंचे भरले पोते रात्रभर टांगून ठेवले. सकाळी त्या घरातल्या आजीबाई दिवाणखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे काय टांगलंस? याच्यासाठी का एवढा खर्च?" तो म्हणाला, "आजी, आज पोतं पडलं तर चालेल. उद्या झुंबर पडून नाही चालायचं." आजी खुर्ची घेऊन लांब भिंतीशी बसल्या आणि दुपारपर्यंत त्या पोत्यावर नजर ठेवून होत्या. पोते पडले नाही. मग झुंबर चढले, आणि तेही परांचीवर उभ्या दोन माणसांच्या हातांनी.

रानातला प्राणी आपल्या बरगड्या झिजवून शिंग उभे करतो आणि हंगाम सरला की टाकून देतो. त्याला त्याचा गर्व नसतो. तेच शिंग माणसाच्या हाती आले की कोणाला त्यात शिकारीचा तोरा दिसतो, तर कोणाला कसब दाखवायची जागा. झुंबर निवडताना आपण खरे तर या दोहोंतून निवड करीत असतो. उद्या आपण कोणाच्या घरी असे झुंबर पाहाल, तेव्हा त्याची टोके मोजू नका. ती शिंगे कुठून आली आणि ती कोणी टांगली, एवढे दोनच प्रश्न विचारा. यजमानाला उत्तर देता आले तर समजा की घर चांगले आहे.

 जाता जाता एक विनंती. या सभागृहात आपल्या डोक्यावर जे पंखे फिरताहेत, त्यांचेही हूक चालकांनी या सुट्टीत एकदा तपासून घ्यावेत. शिडी धरायला आम्ही येऊ.